समुद्राच्या थीमचा व्हीगन बर्थडे केक घरी कसा करायचा: पाच दिवस, रोज थोडं थोडं काम

भाचीला सात वर्षं पूर्ण होणार होती आणि तिला केकवर समुद्र हवा होता, खाली वाळू, वर कासव, आणि तिच्या शब्दांत "खरं पाणी". तिच्या घरात सगळे व्हीगन आहेत, म्हणजे दूध, लोणी, अंडं, मध, जिलेटिन यातलं काहीही चालत नाही. पहिला केक मी सकाळी उठून एका दिवसात करायला घेतला होता, स्पंज अजून कोमट असताना क्रीम लावलं, ते सरकायला लागलं, कासव ओलंच होतं त्यामुळे त्याची मान खाली गेली आणि ती बिचारी शेजारी उभी राहून सगळं बघत होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. त्यानंतर असे बरेच केक केले आणि आता माझं मत पक्कं आहे की व्हीगन थीम केकला हात फार चांगला लागतो असं काही नाही, पण प्रत्येक गोष्टीला गार व्हायला आणि सुकायला वेळ मिळालाच पाहिजे. म्हणून आधी कामाची विभागणी आणि मग रेसिपी.

कुठलं काम कधी

वाढदिवसाच्या चार-पाच दिवस आधी फोंडंटचं (म्हणजे कणकेसारखं मळता-लाटता येणारं साखरेचं मिश्रण) कासव, मासे, तारामासे करून सुकत ठेवायचे. दोन दिवस आधी स्पंज भाजायचे. आदल्या दिवशी बटरक्रीम करायचं, थर लावायचे आणि बाहेरून निळा रंग चढवायचा. त्या दिवशी सकाळी वाळू, पाणी आणि पोवळी करायची, आणि सगळी मांडणी शेवटी. रोजचं काम तास-दीड तासाचं होतं (आदल्या दिवशी जरा जास्त, तीनेक तास धरा), आणि मुख्य म्हणजे कुठे काही बिघडलं तर दुरुस्त करायला वेळ हातात राहतो.

थीम ठरवताना मुलाला किंवा मुलीला नुसतं "कुठली थीम हवी" असं विचारू नका, "केककडे बघितल्यावर तुला सगळ्यात आधी काय दिसलं पाहिजे" असं विचारा. उत्तरात जी एक गोष्ट येईल ती हिरो, तिच्यावर मेहनत घ्यायची, बाकी सगळं तिच्या मागे उभं राहणारं. इथे कासव हिरो आहे. कासव, जहाज, जलपरी, शार्क आणि खजिन्याची पेटी असं सगळं एका सात इंची केकवर कोंबलं की डोळा कुठेच थांबत नाही, आणि तुमचे कष्टही कुणाला दिसत नाहीत. आधी कागदावर केकचा गोल आणि उभी बाजू काढून साधं स्केच करा, मी आजही करते.

सामान घेताना लेबल वाचा, खरंच वाचा

मैदा, साखर, तेल यात सहसा प्रश्न नसतो (काही ठिकाणी साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरतात, त्यामुळे काटेकोर व्हीगन लोक पाकिटावर व्हीगन लिहिलेलीच घेतात). खरी फसगत होते सजावटीच्या सामानात. चकचकीत स्प्रिंकल्स आणि साखरेचे मोती यांच्यावर बऱ्याचदा शेलॅकचं कोटिंग असतं, ते लाखेच्या किड्यापासून येतं आणि लेबलवर ई ९०४ म्हणून लिहिलेलं असतं. लाल-गुलाबी रंगात कार्माइन म्हणजे ई १२० असू शकतं, तेही किड्यापासूनच. ई ९०१ म्हणजे मधमाश्यांचं मेण. तयार फोंडंटमध्ये काही वेळा जिलेटिन असतं. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या व्हिपिंग क्रीममध्ये सोडियम केसिनेट सापडतं आणि ते दुधातलं प्रोटीन आहे, म्हणजे नावात डेअरी नाही पण आत आहेच. काही मार्जरिनमध्ये व्हे म्हणजे दूध फाटल्यावर निघणारं पाणी असतं, आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असेल तर तेही बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून केलेलं असतं. ई ४७१ आणि ग्लिसरिन म्हणजे ई ४२२ हे वनस्पतीपासूनही होतं आणि प्राण्यांपासूनही, त्यामुळे नुसता नंबर बघून कळत नाही, कंपनीने व्हीगन लिहिलंय का ते बघायचं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. व्हीगन केक म्हणजे ॲलर्जीवाल्या मुलांना चालणारा केक असं अजिबात नाही. यात गहू आहे, सोया आहे, डार्क चॉकलेट घेतलं तर त्यात दुधाचे अंश असू शकतात कारण एकाच मशीनवर दोन्ही प्रकार बनतात. पार्टीला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना आधी विचारा, आणि कुणाला तीव्र ॲलर्जी असेल तर सामानाची पाकिटं जपून ठेवा म्हणजे ते स्वतः वाचू शकतील.

पहिलं काम: कासव आणि मासे

व्हीगन फोंडंट साधारण २५० ग्रॅम घ्या. त्यात एक टीस्पून सीएमसी पावडर (टायलोज नावानेही मिळते) मळून घ्या, अर्धा तास झाकून ठेवा. या पावडरीमुळे फोंडंट सुकल्यावर कडक होतं, नाहीतर ते चार दिवसांनीही मऊच राहतं आणि स्वतःच्या वजनाने बसतं. हाताला चिकटत असेल तर अगदी किंचित कॉर्नफ्लोअर लावा, जास्त लावलं तर पांढरे डाग पडतात आणि भेगाही जातात.

रंग जेलचाच घ्या. पाण्यासारखा पातळ रंग घातला की फोंडंट चिकट होतं आणि मग त्यात आयसिंग शुगर घालत बसावं लागतं. टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच रंग, मळायचा, थांबायचं, बघायचं, हवा तर परत घालायचा.

कासवाच्या पाठीसाठी ३० ग्रॅमचा गोळा, थोडा चपटा केलेला. वर पेनाच्या टोपणाने किंवा सुरीच्या पाठीने षटकोनी खुणा करायच्या. डोकं ८ ग्रॅम. पाय करताना समुद्रातलं कासव डोळ्यांसमोर आणा, त्याचे पुढचे पाय वल्ह्यासारखे लांब आणि मागचे आखूड असतात, एवढं एक जमलं की ते समुद्राचंच वाटतं, चारही पाय सारखे केले तर जमिनीवरचं दिसतं. डोकं अंगाला जोडताना टूथपिक वापरू नका, लहान मुलं ते थेट तोंडात घालतात. कच्च्या स्पगेटीचा एक इंचाचा तुकडा आत खोचा, चुकून खाल्ला गेला तरी टोचायचं भय फारसं राहत नाही. तरीही कासव ताटलीत देताना तो काढून टाकलेला बरा. जोडायला पाण्याचा एक थेंब पुरतो. डोळे सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही जरा पुढे बघणारे करा, चेहरा एकदम जिवंत होतो.

केकच्या बाजूला लावायचे मासे आणि तारामासे पातळ लाटून कापा, तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, कारण उभ्या बाजूवर जड तुकडा घसरतो. मासे पाच पुरे. दोन-तीन जास्तीचे करून ठेवा, एखादं शेपूट तुटतंच.

हे सगळं बटर पेपरवर उघडं, कोरड्या जागी ठेवा, उन्हात नाही आणि फ्रीजमध्ये तर नाहीच. फ्रीजमधून बाहेर काढल्यावर फोंडंटला पाणी सुटतं आणि रंग ओघळतात. सपाट तुकडे एका दिवसात सुकतात, कासवाला दोन ते तीन दिवस लागतात, हवा दमट असेल तर त्याहून जास्त.

स्पंज

तीन १८ सेंटिमीटरचे, म्हणजे सात इंची गोल टिन धरून हे प्रमाण आहे, १६ ते १८ जणांना पुरतं. शक्यतो वजनकाटा वापरा, कपाने मैदा मोजला की दाबून भरला का सैल यावर खूप फरक पडतो.

मैदा ४०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, साखर ३६० ग्रॅम, बेकिंग पावडर २ टीस्पून, बेकिंग सोडा १ टीस्पून सपाट, मीठ पाऊण टीस्पून. ओल्या सामानात बिनसाखरेचं सोया मिल्क ४८० मिली, व्हिनेगर २ टेबलस्पून, वास नसलेलं तेल १६० मिली, व्हॅनिला १ टेबलस्पून.

सोया मिल्कच का, असं बरेच जण विचारतात. त्यात प्रोटीन भरपूर असतं, व्हिनेगर घातलं की ते फाटून ताकासारखं दाट होतं आणि स्पंज मऊ पण बांधलेला राहतो. बदामाचं किंवा तांदळाचं दूध तेवढं दाट होत नाही, केक होतो पण थोडा ठिसूळ होतो आणि तीन थरांच्या केकला ठिसूळ स्पंज परवडत नाही. व्हिनेगरचं दुसरं काम सोड्याबरोबर, दोघं मिळून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे करतात आणि त्यावरच केक फुगतो. केकला व्हिनेगरची चव येत नाही, याची काळजी करू नका.

अंड्याऐवजी काय घालायचं हा प्रश्नही येतो. या रेसिपीत वेगळं काही लागत नाही, मैद्यातलं ग्लुटेन आणि स्टार्च मिळून रचना धरतात. छोल्याच्या डब्यातलं पाणी म्हणजे ॲक्वाफाबा, ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने ते फेटून दाखवलं आणि २०१५ मध्ये गूस वोल्ट या अमेरिकन माणसाने फक्त ते पाणी आणि साखर यांचं मेरँग म्हणजे फेटून भाजलेला गोड फेस केला, नावही त्यानेच दिलं. फार सुंदर शोध आहे आणि मी मेरँगसाठी आवडीने वापरते, पण थरांच्या केकला मला हा साधा सोडा-व्हिनेगरचा स्पंजच जास्त भरवशाचा वाटतो.

आता कृती. ओव्हन १७५ डिग्री सेल्सिअसला तापवा, आत थर्मामीटर ठेवलात तर उत्तम, घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यात बऱ्याचदा फरक असतो. टिनला तेल लावून तळाला बटर पेपर लावा. सोया मिल्कमध्ये व्हिनेगर घालून दहा मिनिटं बाजूला ठेवा. कोरडं सामान दोनदा चाळा, बेकिंग सोड्याची एक गुठळी राहिली तरी ज्याच्या वाट्याला तो घास येईल त्याला कडू लागतं. फाटलेल्या दुधात तेल आणि व्हॅनिला घालून व्हिस्कने चांगलं हलवा, मग ते कोरड्यात ओता आणि फक्त मैदा दिसेनासा होईपर्यंत मिसळा. साधारण ४०-५० फेरे पुरतात. बारीक गुठळ्या राहिल्या तर चालतील, भाजताना विरतात, पण गुळगुळीत व्हावं म्हणून फेटत राहिलात तर ग्लुटेन ताणलं जातं आणि स्पंज रबरासारखा होतो, कापल्यावर आत लांबट बोगद्यासारखी भोकं दिसतात ती यामुळेच.

मिश्रण पातळसर वाटेल, तसंच हवं. लगेच वजन करून तीन टिनमध्ये सारखं भरा, प्रत्येकात साधारण ४८० ग्रॅम येतं. थांबायचं नाही, कारण सोड्याचे बुडबुडे मिश्रण ओलं झाल्या क्षणापासून सुटायला लागतात. तुमच्याकडे एकच टिन असेल किंवा ओव्हन लहान असेल तर कोरडं सामान आधीच वजनाने तीन वाट्यांत वेगळं करा, ओलंही तीन भागांत, आणि प्रत्येक वेळी ताजं मिसळून भाजा. अर्धा तास वाट बघत बसलेल्या मिश्रणाचा केक खाली चिकट थर धरतो.

टिनच्या बाहेरून ओल्या टॉवेलची पट्टी गुंडाळली तर कडा हळू भाजतात आणि मधे डोंगर येत नाही, वरचा भाग कमी कापावा लागतो. २८ ते ३२ मिनिटं लागतात. पहिली २२ मिनिटं ओव्हन उघडू नका. टूथपिक कोरडी निघाली आणि बोट हलकं दाबल्यावर स्पंज वर आला की झालं. दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर पूर्ण गार, निदान दोन तास. गार झाल्यावर प्रत्येक थर प्लास्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये. गार स्पंज कापताना आणि लावताना चुरा कमी पडतो. फ्रीझरमध्ये असेच गुंडाळलेले थर महिनाभर छान राहतात, म्हणजे हे काम हवं तेवढं आधी करता येतं.

चॉकलेट स्पंज हवा असेल तर ६० ग्रॅम मैदा कमी करून तेवढी कोको पावडर घाला, बाकी सगळं तसंच.

बटरक्रीम आणि निळ्याची भानगड

व्हीगन बटर वडीच्या रूपात येणारं घ्या, ज्यात फॅट ७५ टक्क्यांच्या वर आहे. डब्यातलं मऊ स्प्रेड घेतलं तर त्यात पाणी जास्त असतं, कितीही साखर घातली तरी क्रीम सैलच राहतं आणि शेवटी फाटतं. ४०० ग्रॅम बटर, चाळलेली आयसिंग शुगर ८०० ग्रॅम, व्हॅनिला २ टीस्पून, मीठ चिमूटभर, सोया मिल्क लागलं तरच एक-दोन चमचे.

बटर बोट दाबल्यावर खड्डा पडेल इतकं मऊ, पण चकचकीत किंवा वितळलेलं नको. एकटं बटर चार मिनिटं फेटा, मग साखर तीन भागांत. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय हे क्रीम नुसतं गोड लागतं. फेटून झाल्यावर मशीन अगदी हळू ठेवून दोन मिनिटं फिरवा, आतली हवा निघून जाते आणि केकवर छिद्रं दिसत नाहीत. क्रीम फाटल्यासारखं दिसलं तर ते बहुतेक फार गार आहे, वाटीभर काढून थोडं कोमट करा आणि परत मिसळून फेटा. उलट सूपसारखं झालं तर भांडं पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये आणि मग फेटा. हवा गरम असेल तर निम्मं बटर काढून त्याजागी व्हीगन शॉर्टनिंग म्हणजे घट्ट वनस्पती फॅट घाला, चव थोडी कमी होते पण क्रीम उभं राहतं, उकाड्यातल्या पार्टीसाठी मी हेच करते.

आता रंग. व्हीगन बटर पिवळसर असतं, त्यात निळा घातला की समुद्र हिरवट होतो. आधी जांभळ्या रंगाचा टूथपिकच्या टोकाएवढा ठिपका मिसळा, पिवळेपणा मारला जातो आणि क्रीम पांढरं दिसायला लागतं, मग निळा घाला. आणि रंग तासा-दोन तासांनी आपोआप गडद होतो, त्यामुळे हवा त्यापेक्षा एक छटा फिकाच थांबवा. नैसर्गिक रंग हवा असेल तर निळ्या स्पिरुलिनाची पावडर मस्त रंग देते, फक्त ती उष्णतेने फिकी पडते म्हणून क्रीममध्येच वापरा, स्पंजमध्ये नाही. गोकर्णाच्या फुलांची पावडरही चालते, पण तिला आंबट काही लागलं की रंग जांभळा होतो, तेव्हा त्या क्रीममध्ये लिंबू घालू नका.

क्रीम असं वाटून घ्या: ३५० ग्रॅम पांढरं आतल्या थरांसाठी, २०० ग्रॅम पांढरं पहिल्या पातळ लेपासाठी, मग गडद निळं, मधलं निळं, फिकं निळं प्रत्येकी २०० ग्रॅम. जे थोडं उरेल ते लाटांच्या फेसासाठी पांढरंच ठेवा.

थर लावणं

गार स्पंजचा वरचा फुगवटा लांब दातेरी सुरीने कापून सपाट करा. डोळे थराच्या पातळीला आणून कापायचं, वरून बघून नाही. बोर्डवर क्रीमचा एक ठिपका, त्यावर पहिला थर, म्हणजे तो सरकत नाही. कडेने पायपिंग बॅगने क्रीमची एक भिंत घाला आणि आत आंबटगोड फळाचा दाट जॅम साधारण १०० ग्रॅम पसरा. ही भिंत महत्त्वाची, तिच्याशिवाय जॅम बाहेर झिरपतो आणि निळ्या समुद्रातून लाल डाग वर येतात. दुसरा थर, परत तसंच, आणि तिसरा थर उलटा ठेवा, म्हणजे टिनच्या तळाची सपाट बाजू वर येईल.

मग क्रंब कोट, म्हणजे सगळीकडे अगदी पातळ लेप, ज्यात सुटलेला चुरा अडकून राहतो. तो सुंदर दिसायची गरज नाही. केक अर्धा तास फ्रीजमध्ये, बोट लावल्यावर क्रीम बोटाला लागलं नाही की पुढे जायचं. माझ्या पहिल्या केकमध्ये हीच पायरी मी गाळली होती.

खालच्या तिसऱ्या भागात गडद निळ्याचे पट्टे पायपिंग बॅगने गोल फिरवत घाला, वर मधला, त्यावर आणि माथ्यावर फिका. पट्टे जाड हवेत, एक सेंटिमीटर तरी, नाहीतर स्क्रेपर आतल्या पांढऱ्याला लागतो. टर्नटेबल फिरवत स्क्रेपर उभा, केकला किंचित तिरका धरायचा, हात स्थिर आणि केक फिरता. प्रत्येक फेरीनंतर स्क्रेपर पुसा, ही सवय नसेल तर तीन छटांचा एकच मळकट निळा होतो. रंगांच्या सीमा आपोआप एकमेकांत मिसळतात, त्या फार घोटू नका. एखादा खड्डा दिसला तर क्रीम भरा आणि परत एक फेरी. माथ्याच्या कडेवर जे क्रीम वर उभं राहील ते लहान स्पॅट्युलाने आतल्या बाजूला हलकं ओढून घ्या.

मग केक पुन्हा फ्रीजमध्ये, रात्रभर राहिला तरी चालेल, फक्त उग्र वासाचं काही शेजारी ठेवू नका, बटरक्रीम वास पटकन धरतं.

त्या दिवशीची सकाळ: वाळू, पाणी, पोवळी

वाळू सोपी आहे. साधी व्हीगन बिस्किटं (दूध पावडर नाही ना ते बघून) दोन वेगळ्या जाडीची कुटा, थोडी अगदी बारीक आणि थोडी भरड, आणि एकत्र करा. एकसारखा भुगा खोटा दिसतो.

पोवळी करायला मला सगळ्यात जास्त आवडतं. ८० मिली पाणी, ३० मिली तेल, १० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि गुलाबी किंवा केशरी रंग बाटलीत घालून जोरात हलवा. नॉनस्टिक तवा मध्यम आचेवर चांगला तापला की दोन टेबलस्पून मिश्रण ओता आणि मागे सरका, तडतडतं खूप, मुलांना जवळ येऊ देऊ नका. पाणी उडून जातं आणि मागे जाळी उरते, अगदी पोवळ्यासारखी. तीन-चार मिनिटांनी तडतडणं थांबलं की अलगद उचलून कागदावर ठेवा, गरम असतानाच वाटीवर टाकून वाकवता येते. प्रत्येक वेळी ओतण्याआधी बाटली पुन्हा हलवायची, तेल वर तरंगतं. वरून थोडी आयसिंग शुगर भुरभुरा. ही जाळी ओल्या हवेत मऊ पडते, त्यामुळे डब्यात ठेवा आणि केक समोर न्यायच्या आधी पाच मिनिटं लावा.

आणि भाचीचं "खरं पाणी". ते अगर-अगरने होतं, अगर समुद्री शेवाळापासून बनतं म्हणून इथे आणखीच शोभतं. २५० मिली पाणी, २ टेबलस्पून साखर, पाऊण टीस्पून अगर पावडर, हलवत उकळी आणा आणि उकळी आल्यावर दोन मिनिटं तशीच ठेवा, नुसतं गरम केलं तर अगर विरघळत नाही आणि जेली बसत नाही. निळ्याचा अर्धा थेंब. पसरट ताटलीत अर्धा सेंटिमीटर जाडीने ओता. जिलेटिनसारखं याला फ्रीज लागत नाही, साधारण ३५ ते ४० डिग्रीला आल्यावर ते बसतंच, अर्ध्या तासात तयार. पहिल्या वेळी मी ते सरळ केकवर ओतलं होतं, खालचं क्रीम वितळलं. आता वेगळं बसवून काट्याने बारीक तुकडे करते आणि ते माथ्यावर पसरते. तुटलेले तुकडे प्रकाशात चमकतात, हललेल्या पाण्यासारखे, अखंड चकतीपेक्षा खूप जास्त खरं वाटतं. याला काही तासांनी पाणी सुटतं, म्हणून तेही पार्टीच्या तासभर आधीच.

शिंपले हवेत तर सिलिकॉनच्या साच्यात डार्क चॉकलेटचे करा. चॉकलेट ४५ ते ४८ डिग्रीपर्यंत वितळवून, ढवळत २८ पर्यंत गार करून, परत ३१-३२ पर्यंत आणून ओतायचं, मग ते चकचकीत आणि टणक होतं. थर्मामीटर नसेल तर शिंपले सोडून द्या, केकचं काही अडत नाही.

मांडणी

केक खाण्याच्या दीड-दोन तास आधी बाहेर काढा, व्हीगन बटरक्रीम गार असताना दगडासारखं लागतं आणि स्पंजही कोरडा वाटतो. पृष्ठभागाला दमटपणा येईल, तो स्वतः सुकू द्या, पुसू नका, आणि तोवर फोंडंट लावू नका.

वाळू बुडाशी, एका बाजूला उंच आणि दुसरीकडे उतरती, हाताने हलकी दाबत. सारखी गोल पट्टी करू नका, समुद्राचा तळ तसा नसतो. माथ्यावर अर्ध्या भागात अगरचं पाणी, कडेला उरलेल्या पांढऱ्या क्रीमने स्पॅट्युलाच्या टोकाने ओढलेल्या लाटा, आणि त्या लाटेतून वर येणारं कासव, मधोमध नाही तर एका बाजूला. मासे सगळे एकाच दिशेला पोहणारे, उंचसखल, दोघं जवळ आणि तिसरा मागे असे. मागे चिकटवायला वितळलेल्या चॉकलेटचा ठिपका पाण्यापेक्षा चांगला धरतो. बुडबुडे पांढऱ्या क्रीमचे बारीक ठिपके, खाली मोठे आणि वर जाताना लहान नका करू, उलट करा, पाण्यात बुडबुडा वर येताना फुगत जातो. पोवळी वाळूपाशी दोन-तीन घोळक्यांत, शेवटी.

चमकी वापरणार असाल तर पाकिटावर 'खाण्यायोग्य' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेली चमकी विषारी नसते एवढंच, पण ती खायची वस्तू नाही. मेणबत्त्या कासवापासून आणि पोवळ्यांपासून चार बोटं लांब, आणि घरात कुणी काटेकोर व्हीगन असेल तर त्या मधमाश्यांच्या मेणाच्या नाहीत ना तेही बघा.

कापणं आणि उरलेला केक

केक उंच आहे, त्रिकोणी तुकडे कोसळतात. आधी कासव उचलून वाढदिवसवाल्या मुलाच्या ताटलीत द्या, त्यावरून भांडण होऊ नये म्हणून हे आधीच ठरवलेलं बरं. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, केक एका रेषेत आरपार कापून दोन बोटं जाड पट्टी काढायची आणि ती ताटात आडवी पाडून तिचे तुकडे करायचे. प्रत्येक कापानंतर सुरी पुसा.

उरलेल्या केकवरचं अगर आणि पोवळी काढून टाका, कापलेल्या बाजूला थोडं क्रीम लावा म्हणजे स्पंज कोरडा पडत नाही, आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस चांगला राहतो. तुकडे वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्येही जातात, खायच्या दोन तास आधी बाहेर काढायचे, आणि फिल्म मात्र केक पूर्ण नरम झाल्यावरच सोडायची म्हणजे ओल फिल्मवर धरते, क्रीमवर नाही.